शीव लागेपर्यंत

लोकांच्या घरातलं पाणी ओतून टाकणं ही माझी नोकरी आहे. तळेवाडीच्या उपकेंद्रात मी चौदा वर्षं आरोग्यसेविका आहे. दर मंगळवारी आमचा कोरडा दिवस असतो. म्हणजे घरोघर जायचं, बॅरल, हौद, फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचे टायर बघायचे, अळ्या सापडल्या की भांडं पालथं करायचं आणि वर बायकांची बोलणी खायची. तळेवाडीत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं. साठवलेलं पाणी ओतणारी बाई कुणाला आवडेल? "ललितामॅडम आल्या" असं कुणीतरी ओरडतं आणि निम्म्या गल्लीची दारं लागतात. मी बाहेरून सांगते, "दार लावून डास आतच राहतो, बाहेर जात नाही." मग उघडतात.

तळेवाडी धड गाव नाही आणि धड शहरही नाही. पूर्वेला ऊस, मधे जुनं गावठाण, तालीम, दूध संस्था, आणि बाकी सगळीकडे कॉलन्या. कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुकान आणि तळेवाडीत फ्लॅट अशी माणसं इथे राहतात. पंचायतीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'हद्दवाढ नको' लिहिलंय आणि त्याच भिंतीला टेकून लोक महापालिकेचं पाणी आपल्याला कधी मिळणार याची चर्चा करतात. पश्चिमेला गाव कुठे संपतं आणि कोल्हापूर कुठे सुरू होतं, हे केएमटी बसच्या ड्रायव्हरलाही सांगता यायचं नाही.

पूर्वी सांगता यायचं. बंद पडलेल्या जकात नाक्याच्या शेडशेजारी शिवेचा दगड होता, कमरेएवढा, शेंदूर फासलेला. लग्नाची गाडी गावात येताना तिथे नारळ फोडायची. आमच्या लग्नात फोडला नाही, आमच्यात तसलं नसतं. पण ड्रायव्हरने त्या दगडापाशी गाडी आपोआप हळू केली होती, ते मला अजून आठवतं. या चैत्रात राजवर्धनने तो दगड जेसीबी लावून उपटला. राजवर्धन म्हणजे आमच्या गणपतरावआबांचा नातू, प्लॉटिंगचा धंदा करतो. त्याच्या नव्या लेआउटची कमान नेमकी तिथे यायची होती. दगड त्याने आतल्या हिरवळीवर ठेवला, शेंदूर खरवडला आणि वर ऑईलपेंटने 'सुस्वागतम' लिहून घेतलं. फोटो काढायला जागा चांगली झाली, असं लोक म्हणाले.

आषाढातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेनऊला मी पूर्वेच्या टोकापासून सुरुवात केली. पाण्याच्या टाकीखाली पंचायतीचे शिपाई बाळासो उभे होते. माणूस पंचावन्नचा, पण त्या दिवशी वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"मॅडम, हे बगा की," ते म्हणाले. "काय म्हनायचं ह्येला?"

टाकीच्या खांबाला लागून एक लाकडी गाडा उभा होता. दोन-अडीच हात लांब, चार भरीव चाकं, वर छोटंसं छप्पर. आत हातभर उंचीची लाकडी मूर्ती, नाकडोळे झिजून गेलेले. पुढ्यात हिरव्या बांगड्या, चिरलेली लिंबं, कडुलिंबाचा पाला आणि पाण्याने भरलेला मातीचा गडू. लिंबाच्या कापलेल्या फोडी अजून ओल्या होत्या. पुढच्या बाजूला काथ्याचा जाड दोर बांधून जमिनीवर सोडला होता.

मी तसला गाडा जन्मात पाहिला नव्हता, पण तो काय आहे हे मला लगेच कळलं. त्याची हकिगत सासऱ्यांनी शंभरदा सांगितली होती. पूर्वी पटकीची साथ आली की गाव मरीआईचा गाडा करायचं. गावाचं दुखणं त्यात बसवायचं आणि शिवेवर नेऊन सोडायचं. पुढच्या गावाने तो आपल्या पलीकडच्या शिवेवर पोचवायचा, मग त्याच्या पुढच्या गावाने. ज्या गावात गाडा थांबला त्या गावात दुखणं मुक्कामाला. आणि दोर ओढायचं काम गावकीतलं, म्हणजे आमच्या माणसांचं. शंभर वर्षं, दोनशे वर्षं, कुणी मोजलंय? छप्पन साली बौद्ध झाल्यावर माझ्या आजेसासऱ्यांनी भर गावासमोर तो दोर खाली ठेवला आणि सांगितलं, "हितनं फुडं ज्याचं दुखणं त्यानं वढावं." त्यानंतर तळेवाडीत गाडा आला नव्हता.

"कुणी आणून ठेवला?" मी विचारलं.

"पलीकडच्या गावात फोन लावलता. ती म्हनत्यात, आमच्यात गाडा बंद होऊन चाळीस वर्सं झाली, पावणं. तुमचं तुमी बगा."

मी माझं काम केलं. गडूत बॅटरी मारली. अळ्या होत्या, आणि थोड्याथोडक्या नाही, सगळं पाणी वळवळत होतं. मी गडू कोरड्या मातीवर पालथा केला, आतून फडक्याने घासला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: तपासलेली भांडी एक, दूषित एक. बाळासोंनी छातीवर हात ठेवला.

"देवाचं हाय ते, मॅडम."

"अळ्या देवाच्या नसतात, बाळासो. डासाच्या असतात."

दुसऱ्या दिवशी जाता जाता बघितलं तर गडू काठोकाठ भरलेला, आत पुन्हा अळ्या. पाणी कुणीही घालेल, त्याचं मला काही वाटलं नाही. पण अळी पुरती वाढायला आठवडा लागतो, हे मी चौदा वर्षं लोकांना सांगत आलेय. या एका रात्रीत वाढल्या होत्या. मी पुन्हा गडू पालथा केला. कुणीतरी खोडसाळपणा करतंय, दुसरीकडच्या अळ्या आणून टाकतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही. माणूस स्वतःचं लवकर ऐकतो.

शुक्रवारी गाडा दूध संस्थेपाशी होता. सोमवारी तालमीपुढे. ज्याला विचारावं तो म्हणे, दुसऱ्या कुणी ढकलला असेल. तोपर्यंत माझ्या रजिस्टरात तापाची चौदा नावं झाली होती. पुढच्या मंगळवारी एकतीस. डेंग्यू आषाढात येतोच, तो काही गाड्याची वाट बघत नाही. पण दरवर्षी तो कॉलनीत सुरू होतो, कुंड्यांमुळे. यंदा तो टाकीपासून सुरू झाला, मग दूध संस्थेच्या मागची आळी, मग तालीम. मी नकाशावर टाचण्या लावते. टाचण्या रांगेत लागत होत्या.

तालमीसमोर राजवर्धनचं ऑफिस आहे आणि बाहेर कॅमेरा. त्याने मला आणि बाळासोंना बोलावून दुपारचं चित्रण दाखवलं. बारा वाजलेले. रस्त्यावर ऊन-सावली. गाडा उभा. एक रिक्षा समोरून गेली. रिक्षा सरकली तेव्हा गाडा पाच पावलं पुढे उभा होता. राजवर्धनने मागे नेऊन पुन्हा दाखवलं. दोर जमिनीवर नव्हता. कुणीतरी हातात धरावा तसा कमरेच्या उंचीवर ताणलेला होता, आणि दोराच्या त्या टोकाला कुणी नव्हतं.

"कॅमेरा खराब आहे," राजवर्धन म्हणाला.

"असंल की," बाळासो म्हणाले. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मीसुद्धा मान हलवली. डेंग्यूचा डास दिवसाच चावतो, त्यामुळे माझ्या नोकरीत भीती ही दिवसाचीच गोष्ट आहे. पण त्या दिवशी भर दुपारी मी घरी जाताना तालमीच्या रस्त्याने गेले नाही.

तालमीतल्या पोरांनी गाडा टेम्पोत घातला आणि पार शहर ओलांडून नदीकडे सोडून आले. येताना चहा पिऊन आले. पोचले तर गाडा तालमीपुढे. चाकं ओली होती.

याचा अर्थ मला आबांनी सांगितला. गणपतरावआबा एक्याण्णव वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि डावं अंग लुळं पडलं. अंथरुणाला खिळल्यामुळे पाठीला जखमा झाल्या होत्या, त्या धुवायला मी मंगळवारी आणि शुक्रवारी जायचे. जीभ जरा जड झाली होती, डोकं मात्र साफ. त्यांची सून संयोगिताकाकी त्यांना कुशीवर धरून ठेवायची आणि मी पट्टी बदलायचे.

"टेंपूनं न्हेऊन काय हुतंय?" आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "शीव लागली तर गाडा खाली उतरणार. शीव कुठं हाय? मदला दगूड उपटला की त्या दीडशाण्यानं. आता मरीआईला समदं एकच गाव दिसतंय."

"शहराला शीव नसते का, आबा?"

"शहराला हद्द आसती. ती कागदावर. शीव येगळी."

शुक्रवारी संध्याकाळी पाच-सहाजण आमच्या दारात आले. पुढे राजवर्धन. माझा नवरा संघर्ष नुकताच फौंड्रीतून आला होता, हातपाय धूत होता. राजवर्धन फार गोड बोलला. ताप वाढतोय, लोक घाबरलेत, आपल्याला काही हे पटत नाही, पण लोकांच्या समाधानासाठी. "तुमच्याकडचा मान आहे तो पूर्वीपासून," तो म्हणाला. "एकदा फक्त हात लावा. ओढायचं आम्ही बघतो."

संघर्ष टॉवेलला हात पुसत राहिला. तो रागावला की गप्प होतो. मी गप्प होत नाही.

"मान असेल तर तुम्हीच घ्या की," मी म्हणाले. "आम्ही दिला. आणि जाताना त्या गडूतलं पाणी ओता."

त्यांनी ओतलं नाही. रविवारी दुपारी गाडा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याच दुपारी सोनमला ताप भरला.

सोनम माझी मुलगी, अकरा वर्षांची. घरात एक थेंब पाणी उघडं नाही, खिडक्यांना जाळ्या, मी स्वतः तिच्या हातापायांना डासांचं मलम लावून शाळेत पाठवते. दुसऱ्यांच्या पोरांना जे सांगते ते सगळं केलं होतं. मंगळवारी तिला राजारामपुरीतल्या दवाखान्यात दाखल केलं. लोक 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' म्हणतात, मी दरवेळी त्यांना सुधारते, पांढऱ्या नाही, प्लेटलेट्स. त्या दिवशी डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा माझ्याही तोंडून 'पेशी'च आलं. नव्वद हजार. बुधवारी एक्केचाळीस. गुरुवारी सकाळी अठरा. पोटावर बारीक लाल ठिपके उठले होते आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. ती मला ओळखत होती, पण मधेच विचारायची, "आई, दारात कोण उभंय?" आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.

गुरुवारी अकराला मी तिचे कपडे आणायला घरी आले. गल्लीत कुणी नव्हतं. सगळी दारं बंद, आणि यावेळी माझ्यामुळे नाही.

गाडा आमच्या दारात होता.

दोराचं टोक आमच्या उंबऱ्यावर होतं. फेकल्यासारखं नाही. कुणाच्यातरी हातात द्यायला ठेवावं तसं, नीट वेटोळं करून.

मी कपड्यांची पिशवी भरली. बाहेर आले. गडूतलं पाणी वळवळत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. मी खाली वाकले. हे मी आजवर संघर्षलाही सांगितलेलं नाही. मी वाकले आणि माझा हात त्या दोरापासून वीतभर होता. अठरा हजार म्हणजे काय ते मला माहीत होतं. पटणं-न पटणं दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच राहिलं होतं. माझी पोर जगत असेल तर मी तो दोर दातात धरला असता.

मग मला तो म्हातारा आठवला, ज्याला मी फोटोतच पाहिलंय. भर गावात दोर खाली ठेवणारा. त्याच्याही घरात पोरं होतीच की.

मी सरळ झाले. उंबरा ओलांडला, दोर ओलांडला आणि तडक आबांच्या घरी गेले.

पट्टीचा वार नव्हता. संयोगिताकाकी काहीतरी विचारत होत्या, मी थांबले नाही. आबा उताणे होते, डोळे उघडे. माझ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "दोर कुणी धरला का?"

माझा आवाज चढला. एक्याण्णव वर्षांच्या आजारी माणसावर मी ओरडले, ही खरी गोष्ट आहे.

"आम्ही शंभर वर्षं धरला, आबा. तुमच्या घराचं, गावाचं सगळं दुखणं ओढलं. तुमच्याच नातवानं शीव उपटली. आता तुम्ही धरा."

 आबांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "खरं हाय ते."

आणि डोळे मिटले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. सोनमला दरदरून घाम फुटला होता. संघर्ष तिचं कपाळ पुसत होता. मी थर्मामीटर लावला. मग दुसरा लावला. ताप नव्हता.

"आई, गेले ते," सोनम म्हणाली, आणि झोपली.

दुपारी बाळासोंचा फोन आला. गाडा गावात कुठेच नाही. बारा वाजता आमच्या दारात होता, सव्वाबाराला नव्हता. संध्याकाळी सोनमच्या प्लेटलेट्स सव्वीस हजार. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी एक लाखाच्या वर. डॉक्टर म्हणाले, डेंग्यूत असं होतं, एकदा वळणावर आलं की भराभर सुधारतं. मला माहीत आहे की असं होतं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पदरात तोंड घालून रडले आणि मग खाली जाऊन दोन मिसळी खाल्ल्या. इतकी भूक मला बाळंतपणानंतर लागली नव्हती.

गावातला तापही उतरला. सोमवारी नवे रुग्ण चार. त्या मंगळवारी एक. त्यानंतर माझ्या रजिस्टरात तापाच्या रकान्यात शून्य आहे. वरच्या कार्यालयातून दोनदा विचारणा झाली की आकडे बरोबर आहेत ना.

सोनमला घरी आणल्यानंतरच्या शुक्रवारी मी आबांच्या पट्टीला गेले. जरा शरमच वाटत होती. संयोगिताकाकींनी दार उघडलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ललिता, हात बघ गं त्यांचे."

दोन्ही तळवे सोलवटले होते. बोटांच्या मुळाशी फोड येऊन फुटलेले, त्यात काथ्याचे बारीक तुसे. लुळ्या डाव्या हाताचाही तळवा तसाच. मी चादर वर केली. पाय घोट्यापर्यंत मुरमाने माखले होते. प्लॉट पाडताना टाकतात तो तांबूस, खडीमिश्रित मुरूम. बोटांच्या बेचक्यांत ओला.

"रोज धुते मी," काकी म्हणाल्या. "सकाळी स्वच्छ असतात. दुपारी बारानंतर बघावं तर हे असं. मी इथेच बसलेली असते, ललिता. खाटेवरून हललेले नसतात."

मी चिमट्याने तुसे काढले. पाठीच्या जखमा बघितल्या, तर त्या भरत आल्या होत्या. पडून राहणाऱ्या माणसाच्या तशा भरत नाहीत. चालत्या माणसाच्या भरतात.

"आबा," मी हळूच विचारलं, "कुठवर आलात?"

"शीव लागंना, बाई," ते म्हणाले. दमलेले होते, पण नीट, स्वच्छ बोलत होते. "मला वाटलं नदीपल्याड लागंल. तितं बी प्लाटच. कमान, कुंपन, कमान, कुंपन. फुडं शाहूवाडीच्या वाटंला लागलो. तितं बी रस्तं आखल्यात. कोन घ्याला बी उभं न्हाय."

"राजवर्धनला सांगून दगड परत बसवू का?"

"मागची शीव आता काय कामाची? गाडा कवाच फुडं गेलाय. फुडची लागाय पायजे."

मी तळव्यांना मलम लावलं आणि पट्टी बांधली. बांधता बांधता तोंडून निघून गेलं, "आबा, सोडा आता तो दोर."

"सोडला तर मागं फिरंल त्ये," आबा म्हणाले. "कुनाच्या दारात जाईल?"

बाहेरच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. घरी सोनम गादीवर बसून शाळेचा राहिलेला अभ्यास करत असणार, हे मला माहीत होतं. ते बोलणं मी पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. नोकरीत आठवड्यातून दोनदाच जायचं असतं, पण मी रोज दुपारी एकला जायचे, जुनी पट्टी सोडायचे, तुसे काढायचे, तळवे धुवायचे आणि उद्यासाठी जाडसर पट्टी बांधायचे. कापूस जरा जास्त घालायचे, पकड चांगली बसावी म्हणून. हे मी उपचार म्हणून करत होते की आणखी कशासाठी, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. श्रावण गेला, गणपती आले, गेले, दसरा झाला. सोनम पुन्हा शाळेत जाऊ लागली. तिने खो-खोत भाग घेतला. ती पळताना बघितली की माझं मन भरून यायचं आणि लगेच मला त्या खाटेवरचे दोन तळवे दिसायचे. दोन्ही एकदम. सवय झाली.

आबांनी कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाले, "तुज्या आजेसासऱ्याला मी बारका आसताना बगितलं हुतं, दोर वढताना. आमी पोरं मागनं वरडायचो. त्येचं हात कुणी बगितलं नव्हतं गं." मी पट्टीची गाठ मारली.

कार्तिकात, पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, आबा गेले. झोपेत, शांतपणे. मी पोचले तेव्हा काकींनी पट्ट्या सोडल्या होत्या. तळवे भरून आले होते, ओरखडासुद्धा नव्हता. लहान मुलाचे असतात तसे मऊ, गुलाबी. पाय स्वच्छ. काकी रडत होत्या आणि रडता रडता म्हणाल्या, "सुटले बघ." मलाही तसंच वाटलं. आणि त्याच वेळी सुटलेला दोर आठवला. मी तशीच शाळेत गेले. सोनम मैदानावर होती. कपाळाला हात लावून बघितलं. गार होतं. मैत्रिणींसमोर असं केलं म्हणून ती चिडली.

दोन रात्री मी नीट झोपले नाही. दर दोन तासांनी तिचा ताप बघत होते. सकाळी दार उघडताना आधी उंबऱ्याकडे बघायचे. उंबरा रिकामा असायचा. उपकेंद्रात तापाचं कुणी येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन झालं. दुपारी एकच्या सुमारास मी उपकेंद्रात रजिस्टर भरत बसले होते. दारात राजवर्धन आला. पांढरा शर्ट, विसर्जनाला घातलेला तोच. चेहरा उतरलेला. बूट त्याने बाहेर काढून ठेवले.

"मॅडम, जरा हात बघता का?"

त्याने टेबलावर दोन्ही हात उताणे ठेवले.

"जेवून जरा आडवा झालो होतो," तो म्हणाला. "अर्धा तास. उठलो तर हे. मी कशाला हातसुद्धा लावला नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले.

मी चिमटा घेतला. तुसे बारीक होते, खोल गेले होते. त्याच्या मोज्यांतून फरशीवर तांबूस पाणी उतरत होतं.

"तो दगड मी परत बसवतो," तो एकदम म्हणाला. "उद्याच. कमान पाडतो."

"बसवा," मी म्हणाले. आबा काय म्हणाले होते ते मी त्याला सांगितलं नाही.

पट्टी बांधली. कापूस जरा जास्त घातला. मग नियमाप्रमाणे केसपेपर केला: नाव, गाव, वजन. रक्तदाब बघितला, एकदम उत्तम. नाडी चांगली, छाती साफ, साखर नाही, कसलं व्यसन नाही.

"वय?" मी विचारलं.

"बत्तीस."

मी ते लिहिलं. लिहून त्याच्याकडे वर बघितलं. रुंद खांदे, तालमीत कमावलेले दंड. तीन दिवस अडकलेला माझा श्वास सुटला. मला हायसं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

"उद्या याच वेळेला या," मी त्याला सांगितलं. "रोज यावं लागेल."